ओठ हलवून केलेली गणितं

माझ्या पोटात काही राहत नाही, अशी आमच्या शाळेत माझी ख्याती आहे. कुणाची बदली होणार, कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे येऊन गेले — माझ्या कानावर आलं की मधल्या सुट्टीपर्यंत सगळीकडं झालेलं असतं. तरी एक गोष्ट पोटात राहिली. नवऱ्याला नाही सांगितली, बहिणीला नाही. दरवर्षी जांबला समर्थांच्या देवळात जाते, तिथं हात जोडले की माणूस मनात काहीबाही बोलतो ना — तिथंही नाही बोलले. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा — असू दे. सांगतेच.

मी जालन्यातल्या एका शाळेत गणित शिकवते. शाळेचं नाव घेत नाही, तिचा यात दोष नाही. माहेर माझं भोकरदन तालुक्यातलं धावडा. तिथं मला लहानपणी 'गणितवाली' म्हणत. बाजारात हिशेबावरून कुणाचं वाजलं की हाक यायची, "बोलवा त्या गणितवालीला." हे मी आजवर किती जणांना सांगितलं असेल? कुणी विचारलं नसलं तरी सांगते. आताही सांगितलंच की.

तर माझ्या वर्गात एक नियम आहे. मनातल्या मनात गणित करायचं नाही. पाढे असोत, पावकी-निमकी असो, नाहीतर समीकरण असो — ओठ हलले पाहिजेत. मी बाकांमधून फिरते आणि ज्याचे ओठ हलत नाहीत त्याच्या पाठीत हलकेच खडू टोचते. मनात केलेली चूक मनातच दडून बसते, ओठांवर आली की कानाला कळते, असं माझं म्हणणं. बाहेरून कुणी आलं तर त्याला माझा वर्ग म्हणजे मधमाश्यांचं मोहोळ वाटावं. मला त्याचा अभिमान होता. हा नियम माझा आहे, एवढं लक्षात ठेवा.

कोमल आठवीत माझ्या वर्गात आली. वडील स्टीलच्या कारखान्यात कामाला, आई जालन्यातल्याच मस्तगड भागात घरी ब्लाऊज शिवायची. पोर किडकिडीत, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण माझा नियम सगळ्यात मनावर घेतला तो हिनं. नुसते पाढे नाहीत, अख्खं गणित ती स्वतःशी बोलायची. "ह्याला इकडं घेते, मंग त्याच्यातून हे जातं, मंग राह्यलं काय..." शेजारच्या मुली तोंडाला हात लावून हसायच्या, मी त्यांना दटावायचे. सुरुवातीला मला ती फार आवडायची. ते खरं होतं, त्यात काही खोट नव्हती.

त्या वर्षी शाळांसाठी एक ऑनलाइन गणित स्पर्धा निघाली, पुण्याच्या एका संस्थेची. पहिली फेरी घरून मोबाइलवर, दुसरी शाळेच्या संगणकाच्या खोलीत, कॅमेरा आणि माइक चालू ठेवून. दुसऱ्या फेरीतून निवडलेल्या मुलांना पुण्याला शिबिराला बोलावणार, आणि पुढं बारावीपर्यंत गणितातली मोठमोठी माणसं त्यांना शिकवणार — फुकट. हेडसरांनी समन्वयक म्हणून माझं नाव दिलं. सरावाचे प्रश्न रोज यायचे, ते मी वर्गात फळ्यावर घ्यायचे.

एक दिवस प्रश्न आला तो असा. एका खोलीत चौरस फरश्या बसवल्यात, लांबीला बारा, रुंदीला नऊ. मुंगी एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात सरळ रेषेत गेली, तर ती किती फरश्यांवरून गेली? मी झटकन मांडलं आणि म्हणाले, वीस. मागून पुटपुट ऐकू आली — "उभ्या रेघा ओलांडते, आडव्या ओलांडते, पण फरशीच्या कोपऱ्यातून गेली तर दोन्ही एकदमच..." आणि मग हात वर.

"मॅडम, अठरा येऊन राह्यलं."

नीट कर, म्हणाले मी. ती फळ्याशी आली, आकृती काढली, आणि मुंगी वाटेत दोन ठिकाणी चार फरश्यांच्या अगदी कोपऱ्यातून जाते ते दाखवलं. मी ते दोन कोपरे विसरले होते. "बराबर हाय ना, मॅडम?" तिनं विचारलं. खरंच विचारलं हो — टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला किती सोपं गेलं असतं.

मी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. स्वतःही वाजवल्या. शिष्याकडून आपला पराभव व्हावा अशी गुरूनं इच्छा धरावी, म्हणतात. ज्यांनी म्हटलं त्यांना आठवीतल्या पोरीनं अख्ख्या वर्गासमोर चूक ठरवलं नसावं. हेडसरांच्या कानावर गेलंच ते. चहा घेताना म्हणाले, "मॅडम, गुरूची विद्या गुरूला फळली म्हणायची. आता तासाला तिलाच धाडून देत जा, तुम्ही बसा आरामात." सगळे हसले. मी सगळ्यात जास्त हसले.

पण त्या दिवसापासून मला तिचा आवाज टोचायला लागला. मुलं शंका घेऊन माझ्या टेबलाशी यायची, ती तिच्या बाकाशी जायला लागली. मी पाठ करून फळ्यावर लिहीत असले तरी त्या मोहोळातून नेमकी तिचीच पुटपुट माझ्या कानात शिरायची. तिची आधी थांबली की मला कळायचं — हिचं झालं. माझं अजून व्हायचं असायचं.

घरी येऊन मी काय करायचे, माहीतंय? स्पर्धेच्या सरावासाठी जी साइट होती, तिच्यावर एका खोट्या मुलीच्या नावानं खातं उघडलं. इयत्ता आठवी. इकडं कुकर लावायचा आणि मोबाइल घेऊन ओट्यापाशी उभं राहायचं. तिथं गुणांप्रमाणं मुलांची नावं वर-खाली होत असत. कोमलचं नाव वर, माझी ती खोटी मुलगी तिच्या खाली. मी हट्टाला पेटले. फोडण्या करपल्या. एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला तरी मला पत्ता नाही. आमचे हे म्हणाले, "शाळेचं काम घरी कशाला आणतेस?" शाळेचं काम! पन्नाशीला टेकलेली बाई मी, आणि आठवीतल्या पोरीला हरवायला निघाले होते. आणि रोज हरत होते.

इथं मी एक वाक्य लिहिलं होतं — आमच्या वेळी असलं काही नव्हतं, मलाही कुणी संधी दिली असती तर. ते खोडलं. मला कुणी अडवलं नव्हतं. वडिलांनी हवं तेवढं शिकवलं. मी गावापुरती हुशार होते, एवढंच. ते मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं आणि कोमलमुळं कळलं. मला तिचा हेवा वाटायचा — साधा, सरळ, जळजळीत हेवा. तिच्यापाशी होतं ते मला हवं होतं, आणि मला मिळणार नसेल तर तिच्यापाशीही नको होतं.

पहिल्या फेरीतून आमच्या शाळेची एकटी कोमल पुढं गेली. दुसऱ्या फेरीच्या आधी तिची आई शाळेत आली. म्हणाली, "मॅडम, पुण्याला निवड झाली तर तुम्ही याल ना संगं? तिचे पप्पा एकटीला धाडायला तयार न्हाईत. तुम्ही हायेत म्हणल्यावर बिलकुल न्हाई म्हणणार न्हाईत." येईन की, म्हणाले मी. म्हणतानाच डोळ्यांपुढं आलं — कोमल पुढं बसलीय, मोठमोठी माणसं तिच्याशी बोलतायत, आणि मी मागच्या खुर्चीवर, तिची पाण्याची बाटली सांभाळत. परत जाताना तिच्या आईनं माझे दोन्ही हात हातात घेतले.

परीक्षेच्या दिवशी संगणकाच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. मी दाराशी खुर्ची टाकून बसले होते. कोमल पुटपुटत होती, नेहमीसारखी. कॅमेरा, माइक चालू आहे हे मला माहीत होतं. तिला गप्प करायला हवं होतं. पण माझ्या कानांना त्या आवाजाची इतकी सवय झालेली की माझ्या ध्यानातच आलं नाही. ती माझी चूक. पुढचं जे आहे, त्याला चूक म्हणता येत नाही.

काही दिवसांनी संस्थेची मेल आली. मुलीचे गुण फार चांगले आहेत, पण सगळा वेळ ओठ हलत होते, बारीक आवाज येत होता. तिला कुणी उत्तरं सांगत होतं, की तिला तशी सवय आहे? समन्वयक शिक्षकांनी सवय असल्याचं कळवलं तर निकाल आहे तसा धरू. एका ओळीचं काम होतं. त्या खोलीत मी होते, त्या मुलीला पुटपुटायला मीच शिकवलं होतं. जगात दुसरं कुणी नव्हतं जे ती ओळ लिहू शकलं असतं.

तुम्हाला वाटेल, मी उत्तर दिलंच नाही. मीही स्वतःला बरेच दिवस तसंच सांगत आले — गडबडीत राहून गेलं, दहावीच्या परीक्षा तोंडावर होत्या. पण नाही. उत्तर दिलं मी. दुपारचा तास होता. समोर वर्ग पुटपुटत होता, ते माझं मोहोळ चालू होतं, कोमल तिच्या बाकावर मान खाली घालून स्वतःशी बोलत होती. आणि मी टेबलाशी बसून मोबाइलवर लिहिलं — 'सदर विद्यार्थिनीस अशी सवय असल्याचे माझ्या निदर्शनास आलेले नाही.'

इतकं शुद्ध मराठी मी एरवी लिहीत नाही. कुणी तिला उत्तरं सांगितली, असं मात्र लिहिलं नव्हतं — बघा, तेवढी सावध होते. पाठवलं. मग उठून बाकांमधून फिरले. एका मुलाचे ओठ हलत नव्हते, त्याच्या पाठीत खडू टोचला.

निकालात तिच्या नावापुढं 'अपात्र' आलं. ती शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "मॅडम, मी कुणालाच इचारलं न्हाई. तुम्ही होत्या ना तिथं."

मी तिला व्हरांड्यात घेऊन गेले. "अगं, मी लई सांगितलं त्यांना. भांडले. पण कॅमेऱ्यात तुझे ओठ हलताना दिसले, ते ऐकायलाच तयार न्हाईत." तिच्या बोलीत बोलले मी, खरं वाटावं म्हणून.

"मंग चूक माझीच हाय," ती म्हणाली. "तोंड बंद ठेवायला पाह्यजे होतं."

ओठ हलवायला तुम्हीच तर सांगता, असं ती म्हणेल म्हणून मी वाट बघत उभी होते. तिच्या मनातही आलं नाही. तिच्या आईलाही मी हेच सांगितलं, हेडसरांनाही.

त्या संध्याकाळी मला काय वाटलं असेल? पश्चात्ताप? तो आला, पण सावकाश, फार नंतर. त्या संध्याकाळी मला बरं वाटलं. ते खोटं खातं बंद करून टाकलं. स्वयंपाक चांगला झाला, दोन घास जास्त जेवले. हे लिहिताना लाज वाटते, पण झालं ते असंच.

दुसऱ्या दिवसापासून कोमल ओठ मिटून गणितं करायला लागली. रुमालाचं टोक दातांत धरायची. तिच्या बाकाशी आले की खडू घेऊन पुढं सरकायचे. तोंड मिटल्यावर तिचं गणित अडायला लागलं. मध्येच थांबायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. साध्या बेरजा चुकायच्या. नववीत त्या स्पर्धेचं पत्रक पुन्हा आलं, मी वर्गात वाचून दाखवलं. तिनं हात वर केला नाही. तास संपल्यावर आपणहून येऊन म्हणाली, "मॅडम, मी लई प्रयत्न करून राह्यले. पण बंद तोंडानं मला येतच न्हाई."

तेव्हा तरी बोलता आलं असतं ना? बाई गं, तुझ्या तोंडात काही दोष नाही. चार शब्द. मी म्हणाले, "राहू दे मग."

दहावीत तिला बरे गुण पडले, सगळ्या विषयांत सारखेच. अकरावीला तिनं गणित घेतलं नाही.

मागच्या महिन्यात मस्तगडात भाजी घेत होते. समोरून कोमल आली, बरोबर कॉलेजातली एक मैत्रीण. भर रस्त्यात वाकून पाया पडली. मैत्रिणीला म्हणाली, "ह्या आमच्या गणिताच्या मॅडम. त्या पुण्याच्या परीक्षेचं सांगितलं न्हाई का तुला — माझ्यासाठी लई भांडल्या होत्या." ते ऐकून ती मैत्रीणही वाकली.

मी कोमलच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अगं, कामच होतं ते माझं."