बकुळीचा घुमट

कुठल्याही नव्या जागेत शिरलं की मॅडम आधी टाळी वाजवायच्या. एकच, कोरडी टाळी. मग डावा कान जरा पुढे करून, डोळे मिटून, तिचा घुमणारा आवाज ऐकत उभ्या राहायच्या. बँकेत, लग्नाच्या हॉलमध्ये, एकदा तर माझ्या आत्याच्या नव्या फ्लॅटमध्येसुद्धा. आत्याला वाटलं, डास मारला.

"मेला का?" तिने विचारलं.

"नाही, जिवंत आहे अजून," मॅडम म्हणाल्या. "पडदे लावा, म्हणजे गप्प बसेल."

नालासोपाऱ्याहून विरारकडे जाताना इमारतींच्या गर्दीतून वर आलेला मोठा पांढरा घुमट तुम्ही पाहिला असेल. ती मशीद मॅडमनी, आर्किटेक्ट म्हणून, उभी केली. सांगाडाही त्यांचा आणि सजावटही त्यांचीच. त्या सोपाऱ्याच्या जुन्या कोकणी मुसलमान घरातल्या. मी जवळच्या वटार गावची ख्रिस्ती, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. त्यांच्या ऑफिसात मुलाखतीला गेले तेव्हा जेमतेम चार वाक्यं बोलले, तीही इंग्रजीत.

"मराठीत सांग, बाळा. इंग्रजीत सगळेच हुशार वाटतात."

मराठीत चाराची दोन झाली. मला वाटलं, नोकरी गेली. मॅडम खूश दिसल्या. "बोलत नाहीस म्हणजे ऐकत असशील. मला तेच हवंय."

त्याचा अर्थ मला नंतर कळला. त्यांचा उजवा कान पूर्ण गेला होता आणि डावाही हळूहळू जात होता.

मशिदीची जागा खाजणाची. वर सुकलेली माती, खाली काळा चिखल. पायासाठी खोल खांब उतरवावे लागले, पण आतल्या दालनात मॅडमनी एकही खांब येऊ दिला नाही. घुमटाचा सगळा भार चार कोपऱ्यांवर. कंत्राटदार रोज कुरकुरायचा, "मॅडम, मधे दोन खांब दिले असते तर मला रात्री झोप लागली असती."

"नमाजाची रांग खांबापाशी तुटते," त्या म्हणायच्या. "तुमची झोप तुटली तर चालेल मला."

पण त्यांचा खरा जीव अडकला होता वरच्या सज्ज्यात. तो बायकांसाठी होता. मॅडम लहान असताना त्यांच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत बायकांना जागाच नव्हती. ईदला त्यांची आई शेजारच्या गच्चीवर जाऊन उभी राहायची, खाली चाललेलं प्रवचन ऐकायला. "आईला आवाज यायचा," मॅडम मला एकदा म्हणाल्या, "शब्द नाही यायचे. घरी येऊन ती वडलांना विचारायची, आज काय सांगितलं? ते म्हणायचे, चांगलं सांगितलं." एवढं बोलून त्यांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

त्यामुळे सज्ज्यातल्या शेवटच्या रांगेत शब्द पोचलेच पाहिजेत, असा त्यांचा हट्ट होता. आणि तेही माइकशिवाय.

ट्रस्टचे प्रमुख हाजीसाहेब दिलदार गृहस्थ, पण त्यांच्या मनात घुमटाला आतून गुळगुळीत संगमरवर भरला होता. वर सोनेरी वेल. "मॅडम, लोक मान वर करून बघतच राहिले पाहिजेत. आवाजाचं काय, माइक आहे ना!"

"आणि लाइट गेली की?"

"जनरेटर आहे."

"हाजीसाहेब, तुम्ही राहता कुठे? इथेच ना? इथला जनरेटर कधी वेळेवर चालू झालाय?"

सगळे हसले. हाजीसाहेबही हसले, पण संगमरवर काही सोडला नाही.

मग मॅडमनी परीक्षा ठेवली. घुमटाला नुसता गिलावा झाला होता. खाली मधोमध हाजीसाहेब उभे राहिले, त्यांच्याभोवती ट्रस्टची मंडळी, आणि मी एकटी वर, सज्ज्याच्या शेवटच्या रांगेत. ठरलं असं की हाजीसाहेब मनात येईल ते बोलतील आणि मी ऐकलेलं सांगेन. ते बोलले. माझ्यापर्यंत नुसता घुमारा आला, दूर कुठेतरी ट्रक जावा तसा.

"काय म्हणाले?" मॅडमनी खालून हाताच्या खुणेने विचारलं.

अनोळखी पुरुष सगळे वर बघत होते. मी कशीबशी ओरडले, "काही कळलं नाही!"

घुमटाने माझा आवाज उचलला आणि खाली टाकला. नाही, नाही, नाही. इतक्या मोठ्याने मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. हाजीसाहेबांनी दचकून वर पाहिलं आणि मग बराच वेळ दाढी कुरवाळत राहिले.

"चपला रॅकमध्येच ठेवा, एवढंच म्हटलं होतं मी," ते पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्यांच्यासमोर टेबलावर बकुळीचा गजरा ठेवला. "बघा. प्रत्येक फूल म्हणजे एक तारा, आणि ताऱ्याच्या मधोमध भोक. गुळगुळीत दगड आवाज परत फेकतो. ही भोकं तो पिऊन टाकतील."

त्याच फुलाची नक्षी त्यांनी आखली. प्लास्टरच्या पाट्या, त्यांत आरपार कोरलेले तारे आणि मागे आवाज शोषणारी मऊ लोकर. खालच्या फुलांचा आकार मोठा, वर जाता जाता बारीक होत गेलेला. सोनं फक्त पाकळ्यांच्या कडांना. कारागिरांनी एक पाटी उलटी बसवली तर मॅडमना ती खालून, एवढ्या उंचीवर, दिसायची. मला चष्मा लावूनही दिसत नसे.

पाट्या बसून झाल्या तोवर डावा कानही गेला. दुसऱ्या परीक्षेच्या वेळी मॅडम वर माझ्या शेजारी येऊन बसल्या. हाजीसाहेब खाली साध्या आवाजात बोलले. मॅडम त्यांच्याकडे बघतच नव्हत्या, माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी त्यांच्याकडे वळून सावकाश सांगितलं, "ते म्हणतात, संगमरवर हातपाय धुवायच्या जागी लावू. वर फुलंच राहू देत."

"सगळे शब्द आले?"

"सगळे. मधे खोकले, तेसुद्धा आलं."

मॅडम हसल्या. मग ओढणीच्या टोकाने चष्मा पुसत राहिल्या, स्वच्छ झाला तरी.

मशीद खुली व्हायच्या थोडे दिवस आधी त्या झोपेतच गेल्या.

पुढे शेजारपाजारच्या सर्व लोकांसाठी मशीद पाहायला खुली ठेवली, तेव्हा मी आत्याला घेऊन गेले. आम्ही वर शेवटच्या रांगेत बसलो. खाली इमामसाहेब पाहुण्यांशी बोलत होते आणि बोलता बोलता लाइट गेली. माइक बंद पडला. ते थांबले नाहीत. माझ्या पुढे बसलेल्या म्हातारीने कुजबुजणाऱ्या सुनेच्या हातावर चापट मारली, "गप गं, ऐकू दे." आणि ती ऐकत राहिली, मधेमधे मान हलवत.

लोक पांगल्यावर मी हाजीसाहेबांना विचारलं, एक टाळी वाजवू का? ते म्हणाले, "वाजव, बेटा. मॅडम तर रोज वाजवायच्या."

मी पुन्हा वर गेले, टाळी वाजवली आणि डावा कान पुढे केला. आत्या जिन्यापाशी थांबली. या वेळी तिने काही विचारलं नाही. दोघी ऐकत राहिलो. टाळी बकुळीच्या फुलांत वर गेली, आणि परत आली नाही.