खलनायिकेचं बालपण

आमची मामी शाळेत समुपदेशक. पाहुणा चहाचा कप कसा धरतो, यावरून ती त्याची आई ओळखते.

आजीच्या, म्हणजे तिच्या सासूबाईंच्या, डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि वाचायला बंदी आली. मग आजीची जाडजूड कादंबरी मामी रोज दुपारी वाचून दाखवू लागली. सुट्टीत मी तिथेच होते; आयता खेळ बघायला मिळाला.

कादंबरीत एक थोरली जाऊ होती. धाकटीच्या दुधात मीठ टाकणारी, नव्या साडीवर तापलेली इस्त्री विसरणारी. आजी पट्टीखालून तिचा उद्धार करायची. "मेली सटवी! वाटोळं होईल हिचं!" तासभर तोंड सुटलं की आजी गार. मग सुनेला म्हणायची, "दमलीस हो, टेक जरा."

पण मामीला राहवेना. "आई, ती दुष्ट नाही. पाठीवर भाऊ झाला आणि हिला कुणी मांडीवर घेतलं नाही. लक्ष वेधायला मीठ टाकते बिचारी."

"लक्ष वेधायला? मग खाकरावं की!"

मामी चिवट. तिने त्या जावेचं बालपण असं रंगवलं की आजीच्या पट्टीखाली पाणी आलं. डॉक्टरांनी रडायला मनाई केली होती, ते वेगळंच.

"पोरकीच गं ती," आजी हुंदका गिळत म्हणाली. "आता तिला काय बोलायचं?"

शिव्या थांबल्या. म्हणजे, कादंबरीतल्या.

"चालतेस की घर पाडतेस?" आजी आता मामीवर घसरली. "आणि हा चहा, का धुण्याचं पाणी?"

मामा पेपरामागून म्हणाला, "तुझ्या त्या बाईला तू बरी केलीस. आता आईने तोंड कुणावर टाकायचं?"

"तू आहेस की!"

"मी मुलगा आहे."

मुद्दा बिनतोड होता. मामीने माळ्यावरची बॅग काढली. "आणखी दोन दिवस बघते. नाहीतर मी माहेरी."

दुसऱ्या दिवशी ती वाचायला बसली. उघड्या पानावर धाकटी निवांत केस विंचरत होती. मामीने पुस्तकावरची नजर उचलली. "मग थोरलीने मांजराची पिल्लं पावसात बाहेर काढली..."

आजी ताठ बसली. "आणि?"

"आणि दाराला आतून कडी घातली."

"सटवी! जन्माची सटवी!"

घर निवळलं. पुढे मामीला रोज नवं काहीतरी सुचे. आवाजाला काय धार चढली होती! बॅग पुन्हा माळ्यावर गेली.

पट्टी निघायच्या आदल्या दुपारी आजी म्हणाली, "मला थोरलीचं नाही, हे लिहिणारीचं नवल वाटतं. एवढं विष सुचतं कुठून? मग तुझ्यासारखा विचार केला. सासू खाष्ट असणार बिचारीची."

मामीने पुस्तक मिटलं. "असेल," ती हळूच म्हणाली. "चहा टाकते."

"बस तू." आजीने पेपराच्या दिशेने हाक मारली, "काय रे, पातेलं कुठं असतं ते माहीत आहे का तुला?"