लासूरला उतरलेला पूर्वार्ध

टोरांटोहून निघताना बायको म्हणाली, "एका जुन्या सिनेमासाठी एवढा प्रवास?" तिला काय सांगणार? चाळीस वर्षं परदेशात सिनेमांवर लिहून पोट भरलं आणि आता माझ्या निवडक लेखांचं पुस्तक निघतं आहे. त्यातला पहिला लेख औरंगाबादच्या एका वर्तमानपत्रात आलेला. तेव्हा मी फुलंब्रीहून एसटीने कॉलेजला यायचो. नायक मध्यंतराआधी मरतो, मध्यंतरानंतर पाटी घेऊन शाळेत जातो आणि श्रेयनामावलीसुद्धा तेव्हाच येते, या दिग्दर्शकाच्या धाडसावर मी तीन रकाने खर्ची घातले होते. त्या कात्रणाच्या जोरावर आधी पुणं गाठलं, मग टोरांटो. गेल्या महिन्यात तो सिनेमा इंटरनेटवर सापडला. नायक शाळेत जातो, मोठा होतो, शेवटी मरतो. अगदी सरळ. मग मी पाहिलं होतं ते काय? आणि तो लेख पुस्तकात ठेवायचा कोणत्या तोंडाने?

विमानतळावर रिक्षावाल्याला टॉकीजचं नाव सांगितलं.

"ती पाडून लई वर्षं झाली, काका. मंगल कार्यालय हाय तिथं आता."

पत्ता तोच, पण मला काहीच ओळखू येईना. तिकीट खिडकी होती तिथे सनईवाले बसले होते. दारातल्या फेटेवाल्या गृहस्थांनी हात धरून विचारलं, "मुलाकडचे का मुलीकडचे?" मी म्हणालो, "सिनेमाकडचा." ते हसले, मला जेवायला बसवलं आणि जिलबी वाढता वाढता पत्ता दिला: टॉकीजचे ऑपरेटर रशीदभाई, उस्मानपुरा.

रशीदभाई आता ऐंशीच्या घरात आहेत. माझं पोट भरलेलं होतं, तरी सुनेने नान-खलिया (पिवळसर मऊ नान आणि मटणाचा रस्सा) पुढे ठेवलाच. सिनेमाचं आणि माझ्या त्या लेखाचं नाव काढताच ते खुदकन हसले.

"रिळांच्या पेट्या रेल्वेनं यायच्या, साहब. त्या दिवशी पहिल्या सात पेट्या चुकून लासूर स्टेशनलाच उतरवल्या. हाऊसफुल बोर्ड लागलेला, जनान्यात (बायकांच्या पडद्याआडच्या जागेत) बाया तासभर बसलेल्या. मालक म्हणला, आल्यात त्या लाव. मध्यंतरापर्यंत सरकीच्या ट्रकमधून बाकीच्या आल्या. मग त्या लावल्या."

मी घास परत ताटात ठेवला. लाजच वाटली. चाळीस वर्षं ज्या नजरेचा तोरा मिरवला, ती हमालाच्या चुकीला दिग्दर्शकाचं धाडस म्हणत होती.

"पण मी दुसऱ्या आठवड्यात पुन्हा पाहिला," मी म्हणालो. "तेव्हाही उलटाच होता."

"व्हय. दुसऱ्या दिवशी सरळच लावणार व्हतो. पण पेपरात तुमचं छापून आलं. लोक म्हणले, पेपरात हाय तसाच दाखवा. मालक म्हणला, रशीद, आता उलटाच ठेव. तीन आठवडे चालला."

म्हणजे पहिल्या दिवसाची चूक लासूरची आणि पुढच्या तीन आठवड्यांची माझी? मी विचारलं, "कुणी तक्रार नाही केली?"

रशीदभाई म्हणाले, "माझा धाकटा भाऊ त्याच साली गेला. अम्मी कधी टॉकीजला आली नव्हती. कुणीतरी तिला सांगितलं, त्यात मेलेला पोरगा लहान होऊन परत येतो. तीनदा आली. मध्यंतरापर्यंत डोळे मिटून बसायची."

सुनेने खलिया पुन्हा वाढला. या वेळी मी सगळा संपवला.

परतीच्या विमानात संपादकांचा निरोप पाहिला: पहिला लेख ठेवायचा की काढायचा? मी मरण आधी ठेवणारा दिग्दर्शक शोधत औरंगाबादला गेलो होतो आणि मला सापडल्या सात पेट्या. मी अजूनही गोंधळलेलाच आहे. तळटीप चारदा लिहिली, चारदा खोडली. शेवटी एवढंच कळवलं, "लेख ठेवा. खाली छापा: हा सिनेमा असा फक्त औरंगाबादेत होता, तीन आठवडे. मी तो दोनदा पाहिला. रशीदभाईंच्या अम्मींनी तीनदा."