रेषेपलीकडे पळणारे कादरभाई

घरातली वाळू कितीही झाडा, साठतेच. जेद्दातल्या आमच्या शुक्रवारच्या रग्बीचे किस्से तसेच. निम्मे तर एकट्या कादरभाईंचे. रत्नागिरीचा माणूस, नोकरी शिपिंग कंपनीत, वय साठीला आलेलं. तरुणपणी शंभर मीटर धावायचे. ऑलिम्पिकचं स्वप्न निवड चाचणीतच संपलं.

*

पहिल्या दिवशी आमचा कॅप्टन देशमुख म्हणाला, "कादरभाई, हे रग्बी आहे." ते शांतपणे म्हणाले, "सुरुवातीच्या ऑलिम्पिकातले धावणारे रग्बीपण खेळत. मी जरा उशिरा आलोय."

घेतलं टीममध्ये. काय करणार!

*

मग त्यांनी खिशातून चमचा काढला आणि पावलं रोवायला दोन खड्डे खणले. जुने धावपटू म्हणे अशीच सुरुवात करत. रग्बीत सगळे आधीच पळत असतात, हे त्यांना कोण सांगणार? दर शुक्रवारी खड्डे व्हायचे आणि वॉचमन "खलास, खलास" म्हणत ते बुजवायचा.

*

पळाले मात्र की बघत राहावं. सकाळच्या दमट उजेडात त्यांचे पाय जमिनीला लागतात की नाही, कळत नसे. आम्ही खेळायचं विसरायचो. समोरची टीमसुद्धा!

*

घोटाळा एकच. रेषेपलीकडे बॉल जमिनीला टेकवला, तरच ट्राय, तरच पॉइंट. कादरभाई रेषेवर, शर्यत संपवताना काढतात तशी, छाती पुढे काढत आणि बॉलसकट पळतच राहत, थेट पार्किंगपर्यंत. सात वर्षांत एक ट्राय नाही!

एकदा मी कारण विचारलं. म्हणाले, "त्या चाचणीत रेषेच्या आधी मी वेग कमी केला होता."

त्यानंतर त्यांना कुणी चिडवलं नाही. म्हणजे, आठवडाभर.

*

मग फायनल एक्झिट लागली. कायमचं गावी जायचं. शेवटच्या शुक्रवारी जुबेदाभाभी आल्या, व्हिजिट व्हिसावर आलेल्या होत्या. लग्नाला तीस वर्षं झाली, पण नवऱ्याला पळताना कधी पाहिलं नव्हतं. हिच्यासमोर एक तरी ट्राय व्हायला हवा, असं कादरभाई मला बाजूला घेऊन म्हणाले.

बॉल मिळाला. सुटले. समोरचे मुद्दाम बाजूला झाले, असं मला अजून वाटतं. रेष आली. आम्ही सगळे ओरडतोय, "टेकवा, टेकवा!" छाती पुढे, रेष मागे, कादरभाई पळतच. थांबले ते कडेला सतरंजीवर बसलेल्या भाभींसमोर, बॉल पोटाशी धरून.

भाभींनी चहाचा थर्मास बाजूला सरकवला.

"ठेवा तो खाली," त्या म्हणाल्या. "किती पळलाव."

कादरभाईंनी बॉल सतरंजीवर ठेवला.

आमचा सौदी रेफ्री फहद नियमांचा पक्का. तो लांब मैदानात उभा होता. त्यानं क्षणभर सतरंजीकडे पाहिलं, शिट्टी वाजवली आणि ट्रायसाठी हात वर केला.