आत्याच्या भिंतीवरची रेघ

चित्रकलेची पदविका घेतली तेव्हा मला शाळेत नोकरी लागणार होती, असं सगळ्या गावाला माहीत होतं. फक्त शाळेला माहीत नव्हतं. शेवटी वाशिमला एका खासगी सर्व्हेवाल्याकडे संगणकावर नकाशे काढायला बसले. नातेवाईक अजूनही विचारतात, ड्रॉइंग सोडलं का म्हणून. मला राग येतो. दिवसभर मी दुसरं करते तरी काय?

पदविकेच्या वर्गात आम्हाला बाह्यरेषेचा एक सराव असायचा. समोर मडकं ठेवायचं, नजर मडक्यावर, हात कागदावर, आणि कागदाकडे अजिबात बघायचं नाही. रेघ वेडीवाकडी यायची, पण त्याच मडक्याची यायची. सुबक काढायला गेलं की कुठलंही मडकं व्हायचं. नकाशातल्या कंटूरचं मला म्हणूनच नवल वाटलं नाही. सारख्या उंचीच्या जागा जोडत जाणारी रेषा ती. जमीन जिथे आत वळते तिथे तिलाही वळावं लागतं. आणि तलाव बांधायचा असला तर ज्या उंचीपर्यंत पाणी चढणार, त्या उंचीची रेषा म्हणजेच तलावाचा काठ.

मेडशीकडच्या आमच्या गावाच्या नाल्यावर तलाव मंजूर होऊ घातला होता. नकाशाचं काम आमच्याच ऑफिसला आलं आणि मी हट्टाने मागून घेतलं. आमची बौद्ध वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याला लागून. अशा वस्त्या वर कुठे असतात? तिथे माझी आत्या एकटी राहते. तलाव व्हावा म्हणून सगळ्यात जास्त उंबरे तिनेच झिजवले होते. होळीच्या आत हापसा कोरडा पडतो आणि मग टँकर येईल तेव्हा भांडी घेऊन पळायचं, यात तिचं अर्धं आयुष्य गेलं.

ड्रोनने मोजलेल्या उंचीवरून रेषा निघाल्या. तलावाच्या काठाच्या रेषेतून एक वाकडी जीभ बाहेर आली होती, ती थेट वस्तीतल्या खालच्या ओळीत शिरत होती. माझ्या साहेबांनी पडद्याकडे पाहून तोंड वाकडं केलं. "हा कचरा आहे. ग्रामसभेत पडद्यावर दाखवायचंय, जरा देखणं कर," म्हणाले आणि स्वतःच माउस घेऊन रेषा गुळगुळीत केल्या. जीभ गेली. काठ कसा ताटाच्या कडेसारखा गोल झाला, आणि वस्ती कोरड्यात आली. मी म्हटलं, सर, तिथे ओहळ आहे, मी त्यात खेळलेय. ते म्हणाले, "मग सिद्ध कर. परवा सभा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावात उतरले. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी बरोबर आणली होती. दोन्ही टोकांत पाणी एकाच उंचीवर उभं राहतं, त्याला गुळगुळीत करायचं कुठलं बटण नाही. सोयाबीन काढणीचे दिवस, वस्तीत माणूस दिसेना. दुसरं टोक धरायला आत्याच आली.

तलावाच्या भिंतीच्या जागी एका खडकावर पाण्याच्या पातळीची लाल खूण केलेली होती. तिथून सुरुवात केली. मी माझं टोक खुणेला लावायची, आत्या पुढे जायची, पाणी हलायचं थांबलं की "थांबलं" म्हणायची. जिथे पाण्याची पातळी जमिनीला टेकेल तिथे मी चुन्याची फक्की टाकायची. मग मी त्या फक्कीवर आणि ती आणखी पुढे. नाल्याच्या कडेने पांढरे ठिपके सरकत निघाले. आत्या मजेत होती. इथं म्हशी डुंबतीन, इथं धुणं धुवू, असं चाललं होतं.

मग ओहळ आला. मी मनात म्हणत होते, सरळ जा, ओलांडून जा. पाणी ऐकत नव्हतं. ते ओहळात वळलं, वस्तीच्या दिशेने. आत्याचं बोलणं थांबलं. ती नळी वर धरून चालत राहिली, आणि पुढचा ठिपका तिच्या अंगणात, घराच्या वरच्या कडेला पडला. माझं टोक खाली सरकलं. नळीतलं पाणी हिंदकळायला लागलं.

"हालू नको," ती म्हणाली. "पाह्यू दे मले."

तिने तिचं टोक घराच्या भिंतीला टेकवलं. पाणी थांबलं. तिच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर. तिने चुलीतला कोळसा आणला आणि तिथे भिंतीवर आडवी रेघ ओढली.

मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "कोणाले सांगू नको."

"आत्या, घर पाण्यात जाईल."

"जाऊ दे. वर टेकडीवर टिनाचं खोपडं टाकीन. तू हे सांगतलं तं घरं हलवा लागतीन, खर्च वाढन, अन् काम दुसऱ्या गावाले जाईन. तुले का वाटते, मले समजत नाई?"

"आणि तुझ्या ओळीतली बाकीची घरं? त्यांनाही तू खोपडं देणार का?"

तिने पायाने अंगणातली फक्की पुसून टाकली.

साहेबांना मी काही सांगितलं नाही. सभेच्या दिवशी शाळेच्या भिंतीवर त्यांचाच नकाशा झळकला. गोल, निळा, देखणा तलाव. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरपंचांनी विचारलं, कोणाची हरकत? आत्या बायकांमध्ये पुढे बसली होती. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि पदराआडून हात जोडले. आयुष्यात तिने माझ्यापुढे कधी हात जोडले नव्हते. तिच्या मागे तिच्या शेजारणी बसल्या होत्या, टाळ्या वाजवत, लेकरं मांडीवर घेऊन.

मी उठले आणि सांगितलं. मग लोक आत्याच्या घरी गेले, भिंतीवरची रेघ पाहिली, ओरडाआरडा झाला. साहेबांनी बाजूला घेऊन मला विचारलं की पगार कोण देतं.

काम गेलं नाही. तलावाच्या भिंतीची उंची तेवढी उतरवली. वस्ती वाचली, तलाव निम्मा झाला. यंदा त्यातलं पाणी होळीला संपलं.

मी केलं ते बरोबरच होतं आणि पुन्हा तेच करीन. पण त्या दिवसापासून आत्या माझ्याशी धड बोललेली नाही, आणि हे मला रोज सलतं. एप्रिलमध्ये गेले तर ती टँकरवरून भरलेली कळशी घेऊन उतार उतरत होती. मी कळशी घ्यायला हात पुढे केला. तिने दिली नाही. उंबऱ्यात टेकली, दम खाल्ला, आणि मग म्हणाली, "घर राह्यलं पोरी. आता मी राह्यतो का नाई, ते पाह्य."