अंगणात बोलणारा सारंग

आमच्या वाडीतला सारंग कोणाच्या घरात शिरून बोलत नसे. काम असलं की अंगणातून हाक मारी. "बाहेर या वहिनी. आत बोललेलं आतच राहतं." जहाजावर खलाशांचा मुकादम म्हणून उभं आयुष्य काढलेला मुसलमान माणूस. नाव होतं, पण सगळे सारंगच म्हणत.

मी चौथी शिकलेली. अमेरिका मला त्याच्याकडून कळली. तिथल्या मोबील बंदरात त्याचं जहाज दुरुस्तीला पडलं होतं, तेव्हा एका म्हाताऱ्या गोदीकामगाराने त्याला तिथल्या मूळच्या क्रीक लोकांची दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. मुलूख क्रीकांचा. एकीकडून नुकती स्वतंत्र झालेली अमेरिका जमीन मागे, दुसरीकडून स्पेनवाले बंदुका देऊन आपल्याकडे ओढत. क्रीकांचा पुढारी हुशार, दोघांनाही झुलवत ठेवी. "दोघे होते तोवर क्रीक होते," सारंग म्हणे. "मग पुढारी अमेरिकेशी करार करायला गेला आणि काही कलमं गुपचूप मान्य करून आला. त्याच्या माणसांना पत्ता नाही."

ही गोष्ट त्याने इतकी उगाळली की बायका विचारत, "काय सारंग, आज क्रीक काय म्हणतात?"

दोन हजारच्या सुमारास आमच्या होड्या ओढून ठेवायच्या जागेवर दोघांचा डोळा गेला. एकाला बर्फाचा कारखाना घालायचा होता, दुसऱ्याला हॉटेल. जागा गेली असती तर समुद्र आम्हाला नुसता बघायला उरला असता. सारंगाने कोणालाच नाही म्हटलं नाही. याची मागणी त्याला सांगे, त्याची याला, तीही अंगणात, सगळ्यांदेखत. दोघे एकमेकांना अडवत बसले. हॉटेलवाल्याने त्याला एकट्याला हमरस्त्यावर हातखंब्याला जेवायला बोलावलं, तर निरोप घेऊन आलेल्याला म्हणाला, "जेवण इकडेच पाठवा. वाडी जेवेल."

पुढे बर्फवाल्याने कंटाळून नाद सोडला. एकच उरला. त्याच पावसाळ्यात सारंग वारला. जनाज्यामागे आमचीही सगळी माणसं चालली.

थंडी पडली, तोच हॉटेलवाला माझ्या दारात. वाडी आता माझं ऐकते हे त्याला कुणीतरी सांगितलं असणार. बूट काढत म्हणाला, "मावशी, आत बसू. तुमच्या मुलाच्या नोकरीचं बोलायचंय."

मुलगा घरी रिकामा होता, खोटं कशाला सांगू. मी चटई अंगणात टाकली, शेजारणींना हाका मारल्या, सारंगाच्या सुनेलाही बोलावलं. सगळ्या येऊन बसल्यावर म्हटलं, "हं, आता बोला."

तो आंब्याच्या मोहोराचं बोलला, पाणी प्याला आणि बूट घालून गेला.

होड्या आम्ही अजून तिथेच ओढतो.