मालिनीकाकूंचं रेनफॉरेस्ट

अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या मराठी मंडळींचं कॅम्पिंग म्हणजे घरचं स्वयंपाकघर उचलून जंगलात मांडणं. ऑलिंपिक नॅशनल पार्कात बाकीचे लोक तंबू, टॉर्च आणि पाकीटबंद जेवण घेऊन येतात. आपली मंडळी तीन शेगड्या, दोन मोठे कुकर, पोळपाट-लाटणी आणि मालिनीकाकूंना घेऊन येत. काकू नसत्या तर चाळीस माणसांना तीन दिवस सँडविचवर काढावे लागले असते, आणि तेवढं वैराग्य आपल्या अंगात नाही.

काकूंचे यजमान दिगंबरराव हे निवृत्त इंजिनियर आणि मंडळाचे तहहयात अध्यक्ष. "पोळ्यांची काळजी नको, मालिनी आहे," हे ते पहिल्याच मीटिंगमध्ये जाहीर करून मोकळे होत. मालिनीला विचारायची पद्धत नव्हती.

अशी अकरा वर्षं काकू होह नदीकाठच्या त्या कॅम्पात आल्या. मंडळी सकाळी गाड्या काढून कधी डोंगरावर, कधी समुद्रावर जात. काकू दुपारच्या पोळ्यांसाठी मागे थांबत. रेनफॉरेस्टची पायवाट कॅम्पपासून दहा मिनिटांवर, पण तिथे जाणं व्हायचं ते निघायच्या दिवशी, ग्रुप फोटोपुरतं.

या काकू एकेकाळी कोल्हापूरहून वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाल्या होत्या, हे मंडळात कुणाच्या गावीही नव्हतं. आंबोलीच्या घाटात, पायाला जळवा चिकटत असताना, त्यांनी सेलॅजिनेला नावाच्या नाजूक वनस्पतीवर दोन वर्षं काम केलं होतं. होहच्या जंगलात मेपलच्या फांद्यांवरून हिरवे पडदे लोंबतात. मंडळी त्यांना सरसकट शेवाळ म्हणत. त्यातलं बरंचसं शेवाळ नाही, सेलॅजिनेला आहे, हे काकूंनी पहिल्याच वर्षी फोटोला उभं राहताना ओळखलं, आणि तेव्हापासून त्यांचा जीव तिथे अडकला. मागणं मोठं नव्हतं. एक अख्खी सकाळ, हातात भिंग, आणि मागून हाक मारायला कुणी नको.

२००४ साली डॉक्टरांनी सांगितलं, की दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करावं लागेल, जंगलातलं चालणं पुढे जमेल न जमेल. त्या जुलैत काकूंनी कॅम्पाच्या सामानात मसाल्याच्या डब्याशेजारी कॉलेजातलं भिंग ठेवलं.

शनिवारी सकाळी गाड्या समुद्राकडे गेल्या. काकूंनी परातभर कणीक मळली, तेलाचा हात फिरवला, वर ओलं फडकं घातलं. तवा ठेवायला शेगडीपाशी गेल्या आणि तिथेच थांबल्या. मग हात धुतले, भिंग घेतलं आणि चालू लागल्या.

गुडघे कुरकुरत होते. पायवाटेच्या वळणावर एका आडव्या खोडावर त्या टेकल्या आणि खाली लोंबणाऱ्या एका फांदीवर भिंग धरलं. पानं आंबोलीच्या पानांसारखी मांडलेली नव्हती. मांडणी वेगळी का, हे शोधत बसायला त्यांना तीस वर्षांपूर्वी इथे यायला हवं होतं. काकूंना रडू आलं, आणि त्यांनी ते येऊ दिलं. नंतर डोळे पुसून दुसरी फांदी बघितली. मग तिसरी.

दीड वाजता दिगंबरराव धापा टाकत आले.

"अगं, आहेस कुठे? सगळे उपाशी बसलेत. तो प्रसाद रेंजरला सांगायला निघाला होता, काकू हरवल्या म्हणून."

"कणीक मळून ठेवलीय. लाटा म्हणावं."

काकू उठल्या नाहीत हे बघून दिगंबरराव बुचकळ्यात पडले. काकूंनी त्यांच्या हातात भिंग दिलं आणि फांदी पुढे केली. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"सुरेख आहे," ते म्हणाले. "तुला एवढी आवड आहे, तर कधी बोलली का नाहीस?"

"बोलले होते. चौऱ्याहत्तर साली, आपण अमेरिकेत आलो त्याच महिन्यात. युनिव्हर्सिटीचा फॉर्मही आणला होता. तुम्ही म्हणालात, आधी सेटल होऊ, मग बघू."

दिगंबरराव खोडावर काकूंच्या शेजारी बसले.

"झालो का हो आपण सेटल?" काकूंनी विचारलं.

आवाजात टोमणा नव्हता. 'आता झालो' असं ते कधी म्हणतात, याची त्या तीस वर्षं खरोखरच वाट बघत होत्या.